न्यू जर्सी की टेक्सास: सेल्स टॅक्सपुरतं उत्तर, आणि थोडं जास्त

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो आणि दोनदा सगळं खोडलं. तुम्ही विचारलंत ते तसं साधंच आहे. हातात दोन ऑफर, एक न्यू जर्सीची आणि एक टेक्सासातल्या डॅलसची. ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं की टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण सेल्स टॅक्सने सगळं वसूल करतात. तर दुकानात लेबलवरची किंमत शेवटची नसते हे खरं का, आणि महिन्याचा हिशेब कसा बसवायचा? आणि अगदी शेवटी, जाता जाता: सहा वर्षांच्या मुलीशी आत्तापासून घरात इंग्रजीच बोलावं का? त्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. पण आधी टॅक्स. मी दोन्हीकडे राहिलोय, २०१३ ते २०१६ जर्सीत आणि तेव्हापासून डॅलसच्या उत्तरेला.

व्हिसा, सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्स यांबद्दल मी काही सांगत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा नीट लिहिलेलं आहे.

लेबलवरची किंमत शेवटची नसते, खरं आहे. आपल्याकडे एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. छापलाय त्याहून जास्त द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. इथे केंद्र सरकारचा सेल्स टॅक्सच नाही. कर राज्याचा, त्यावर काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी), त्यावर शहराचा, कुठे कुठे लोकल गाड्या आणि बस चालवायला लागतो तो वेगळा. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के लागतात. त्यातले ४ राज्याचे, ४.५ शहराचे आणि उरलेले ०.३७५ वाहतुकीसाठी. असे आपापले दर ठरवणारे लहानमोठे इलाखे देशभरात दहा हजारांच्या वर आहेत. पिनकोडवरून दर ओळखता येईल असं वाटतं, पण एकाच झिपकोडमध्ये शहराची हद्द संपून दुसरा दर सुरू झालेला असू शकतो.

तुमच्या दोन ठिकाणांपुरतं ते सोपं आहे. जर्सीत सगळ्या राज्याला एकच दर, ६.६२५ टक्के. (आम्ही होतो तेव्हा ७ होता. काही शहरांत ठरावीक दुकानांना निम्मा दर लावायची मुभा आहे.) टेक्सासात राज्याचे ६.२५ आणि स्थानिक मिळून जास्तीत जास्त २, म्हणजे ८.२५. डॅलसच्या आसपास बहुतेक गावांत तुम्हाला हाच आकडा दिसेल. तोंडी हिशेबाला जर्सीत किमतीचा पंधरावा भाग धरा आणि टेक्सासात बारावा. पैशापैशाला जुळत नाही, पण काउंटरवर फजिती होत नाही.

दरापेक्षा महत्त्वाचं काय, तर कशावर लागतो. जर्सीत कपडे आणि बूट यांवर टॅक्स नाही. पहिल्या हिवाळ्यात तिघांचे जाड कोट, बूट घेताना हे कळतं. टेक्सासात कपड्यांवर टॅक्स आहे. फक्त ऑगस्टात शाळा सुरू व्हायच्या आधी शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस सूट मिळते, १०० डॉलरच्या आतल्या कपड्यांना, बुटांना आणि दप्तर-वह्यांना. न्यूयॉर्कला ११० डॉलरच्या आतला कपडा माफ, पण ११० चा झाला की अख्ख्या ११० वर कर. म्हणजे एका डॉलरने पावणेदहा डॉलरचा फटका. मॅसॅच्युसेट्सला १७५ पर्यंत माफ आणि वरच्या तेवढ्यावरच कर. ही शहाणी पद्धत. न्यूयॉर्कवाल्यांना हे का सुचलं नाही कोण जाणे.

वाणसामानावर जर्सीत नाही, टेक्सासातही नाही. पण वाणसामान म्हणजे काय, हा खरा प्रश्न. जर्सीतल्या एडिसन गावी, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर, पहिल्याच महिन्यात आमचं बिलावरून वाजलं. बायकोने सामोशांचं गोठवलेलं पाकीट घेतलं होतं आणि काउंटरवरचे सहा गरम सामोसे. पावतीवर पाकिटाला टॅक्स नाही, गरम सामोशांना आहे. ती म्हणाली, चुकलाय हिशेब. गल्ल्यावरच्या गुजराती बाईंनी मान वर न करता सांगितलं, "गरम केलं की हॉटेल, बेन." एवढ्या एका वाक्यात जो कायदा कळला तो मला नंतर कुठल्याच पानावर इतका नीट सापडला नाही. गोळ्या-चॉकलेटचं आणखी मजेशीर आहे. जर्सीत कँडीवर टॅक्स आहे, पण घटकांमध्ये पीठ असेल तर ती कँडीच नव्हे. त्यामुळे किटकॅटला नाही आणि साध्या चॉकलेटच्या वडीला आहे. या न्यायाने बेसनाचा लाडू अन्न, आणि काजूकतली गोळ्यांच्या पंगतीत.

आता हिशेब. भाड्यावर सेल्स टॅक्स नाही, किराण्यावर नाही. समजा उरलेली, टॅक्स लागणारी खरेदी महिन्याला १००० डॉलरची झाली. जर्सीत ६६.२५ जातील, टेक्सासात ८२.५०. फरक सव्वासोळा डॉलरचा. यावरून राज्य निवडू नका. टेक्सासात खरं वसूल करतात ते घरपट्टीतून, आणि भाड्याने राहणाराही ती भाड्यातून भरतोच. पहिले दोन महिने मात्र जड जातात, कारण तेव्हा गादी, टेबल, टीव्ही, गाडी सगळं एकदम घेतलं जातं. तेवढ्यासाठी अंदाजात दहा टक्के जास्त धरा. हॉटेलात टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढायची, हेही सांगून ठेवतो. मी दोन वर्षं एकूण रकमेवर देत होतो.

जर्सीत गेलात तर कुणीतरी कानात सांगेलच: डेलावेरला जा, तिथे टॅक्स नाही. बरोबर आहे. पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही, डेलावेर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशायर, ओरेगन आणि अलास्का (अलास्कात गावांचा असू शकतो). आम्हीही गेलो, २०१३ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, ९०० डॉलरच्या लॅपटॉपसाठी. ६३ डॉलर वाचवायचे म्हणून जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर. डेलावेर मेमोरियल पुलावर टोल जातानाच लागतो, येताना नाही. जणू वसुली आधीच करून घेतात. पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांना जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या पाट्या. पेट्रोल, टोल आणि चौघांचं खाणं (एक मित्र सोबत होता) धरून हाती काय राहिलं ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि जे कुणी सांगत नाही ते हे: तो टॅक्स वाचतच नाही. बाहेरून आणलेल्या वस्तूवर आपल्या राज्याचा यूज टॅक्स आपणहून भरायचा असतो. जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याची वेगळी ओळ आहे. मी त्या ओळीत शून्य लिहिलं. २०१८ पर्यंत बाहेरच्या ऑनलाइन दुकानांचंही असंच होतं. इथल्या सुप्रीम कोर्टाने त्या वर्षी वेफेअर या ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, आणि तेव्हापासून राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्यांकडूनही राज्यं कर वसूल करू शकतात. आता बहुतेक ठिकाणी पेटी पोचते त्या पत्त्याचा टॅक्स आधीच कापलेला असतो. गाडीचं तर विचारूच नका. कुठेही घ्या, टॅक्स नोंदणी होते त्या राज्याचाच.

शून्य लिहिलं, हे मी मुद्दाम सांगतोय. कारण त्याच हिवाळ्यात मी दुसरा एक फॉर्म भरला होता आणि त्यावर खरं लिहिलं होतं.

शाळाप्रवेशाला भाडेकरार लागतो, विजेचं बिल लागतं, लसींची नोंद लागते. आमचं लसींचं कार्ड डॉक्टरांच्या हस्ताक्षरात, दोन तारखा पावसात भिजलेल्या. इथल्या नर्सने ते चष्म्याच्या वर धरून पाहिलं आणि तीन इंजेक्शनं पुन्हा द्यायला लावली. हे चीड आणणारं होतं, पण विसरलो. विसरलो नाही ते गठ्ठ्यातलं शेवटचं पान. मूल घरी कोणती भाषा बोलतं? मी ऐटीत लिहिलं: मराठी. मुलगी नाशिकला इंग्रजी माध्यमात होती, वाचायची छान. पण त्या पानामुळे तिची परीक्षा घेतली. अनोळखी खोली, समोर अनोळखी बाई, आणि माझी मुलगी कुजबुजण्यापलीकडे काही बोललीच नाही. तिला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात घातलं. रोज त्या तासाला बाहेर काढायचे, आणि तो तास नेमका बाकीच्यांच्या चित्रकलेचा. दोन वर्षं. तिचा एकच आवडता विषय होता. मी ईमेल केले, भेटलो, एकदा आवाजही चढवला. उत्तर ठरलेलं: पालकांनीच तसं लिहून दिलंय. त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. तरी अजून जात नाही मनातून.

टेक्सासात आलो तेव्हा ती नऊ वर्षांची. शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन होतं. तिने आदल्या दिवशी एक पुस्तक हेरून ठेवलं होतं, नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. मी दहाची नोट दिली. शाळेत कसला आलाय टॅक्स, असं मला वाटलं. संध्याकाळी तिने नोट परत दिली आणि म्हणाली, बाबा, पुस्तक आवडलं नाही. वर्षभराने कधीतरी बोलता बोलता कळलं. दहा डॉलर एक्याऐंशी सेंट झाले होते, मागे रांग होती, तिने पुस्तक परत मांडणीवर ठेवलं आणि वर्गात जाऊन बसली. एक्याऐंशी सेंट. मी त्या दिवशी कॉफीला चार डॉलर दिले असतील. मुलीला शाळेत पैसे देताना बारावा भाग आणि वर एक डॉलर द्या. माझ्याकडून हा एकच सल्ला घेतलात तरी चालेल.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात. पहिल्या हिवाळ्यात असतो, मग कामं वाढतात. पुढे.

तर इंग्रजीच बोलावं का? २०१९ मध्ये धाकट्याला इथल्या शाळेत घातलं. तेच पान पुन्हा समोर आलं. मी लिहिलं: इंग्रजी. घरात तेव्हा सगळे मराठीच बोलत होतो. कुणी काही विचारलं नाही, परीक्षा नाही, वेगळा वर्ग नाही, चित्रकलेचा तास शाबूत. आणि मग का कुणास ठाऊक, त्याच्याशी इंग्रजीच सुरू झालं. फॉर्ममुळे नव्हे. फॉर्म काय, कपाटात पडून असतो. पण मी एकदा लिहिलं होतं ना, मग तसं वागायला सोपं गेलं. आईचा व्हिडिओ कॉल आला की तो "हाय आजी" म्हणतो, पुढे दोघंही नुसती हसत राहतात आणि मी मध्ये उभा राहून दोन्हीकडचं सांगतो.

तुम्ही त्या पानावर काय लिहावं हे सांगायचा मला अधिकार नाही. टॅक्सच्या ओळीत खरं लिहा, एवढं म्हणतो.

मोठी आता कॉलेजसाठी ओरेगनला असते. गेल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. मी गाडीत होतो, स्पीकर चालू, धाकटा मागे बसलेला. "बाबा, वही चार नव्व्याण्णवची होती, आणि घेतले चार नव्व्याण्णवच! मी आपली वरचे सुटे काढून उभी. त्या मुलाला वाटलं मी टिप देतेय." ती हसत सुटली, मीही.

मागून आवाज आला, "व्हॉट डिड शी से?"