गृहपाठामुळे मुलाचं बुद्धिबळ बिघडतंय?

"शाळेच्या अभ्यासानं आमच्या मुलाचं बुद्धिबळ पार मारलं!" डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून ही तक्रार माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, सारखी येते. तिच्या मागोमाग प्रश्न ठरलेला: गुकेशनं चौथीनंतर रोजची शाळा सोडली, मग आम्हीही सोडावी का?

सहावीतल्या एका मुलाचे आईवडील हेच विचारायला आले. वडिलांनी तक्ताच करून आणला होता. घटक चाचणी कधी, प्रकल्प कधी, आणि त्या महिन्यात रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, किती घसरलं. "भूगोलाच्या प्रकल्पानं आमचे बावीस पॉइंट खाल्ले, मॅडम!"

मी मुलाला त्याच्या स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहायचे कागद) आणि गणिताची वही आणायला सांगितली. पुढच्या भेटीत दोन्ही शेजारी मांडल्या. अक्षर तेच, मोत्यासारखं. स्कोअरशीटला तर पट्टीनं समास आखलेला! मात्र हरलेले बहुतेक डाव विसाव्या चालीच्या आसपास संपलेले.

"हा डाव का सोडलास?"

"प्यादं गेलं ना."

"एकच गेलंय की."

"हो, पण डाव खराब झाला."

मी वही चाळत राहिले. "इथं एकही खाडाखोड नाही. गणित कधी चुकत नाही?"

"चुकतं. मग आई पान फाडते आणि मी नवीन पानावर लिहितो."

"आणि डाव खराब झाला की?"

"सोडून देतो. पुढच्या फेरीत नवीन मिळतो."

आई आधी हसली, मग तिनं वही स्वतःकडे ओढून घेतली आणि शिवणीतले फाटलेल्या पानांचे तुकडे बघत बसली. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, या मताची मी आहे.

प्यादं गेलं, एवढंच खरं तर घडलं होतं. 'आता सगळं वाया गेलं' हे मुलानं त्यात घातलं होतं, आणि तो हरत होता ते त्या विचारापायी. माझं सगळं काम याच समजुतीवर उभं आहे. म्हणूनच तक्त्यात न सापडलेलं उत्तर दोन कागद शेजारी ठेवल्यावर सापडलं, याचा मला मनापासून आनंद झाला. शाळा सोडली असती तरी ही सवय घरी राहिलीच असती.

आईला म्हटलं, पान फाडायचं नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ, खाली बरोबर उत्तर. मुलाला म्हटलं, काहीही गेलं तरी पुढच्या दहा चाली खेळायच्याच, आणि दर चालीला स्वतःला विचारायचं: समोरच्याला आता काय हवंय?

भूगोलाला मात्र मी पूर्ण निर्दोष सोडत नाही. प्रत्येक खेळाडूला नव्वद मिनिटं आणि दर चालीला वाढीव तीस सेकंद, असा डाव सहज तीन-चार तास चालतो. आदल्या रात्री उशिरापर्यंत थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवलेल्या मुलाला तिसऱ्या तासाला उंट आणि घोडा वेगळे दिसले तरी पुष्कळ! म्हणून वडिलांना तक्त्यात झोपेचा रकाना घालायला लावला. स्पर्धेच्या आठवड्यात प्रकल्प बुधवारपर्यंत संपवायचा आणि तारखा जुळत नसतील तर बाईंना आधीच चिठ्ठी द्यायची.

शाळा सोडण्याबद्दल मी पालकांना स्पष्ट सांगते. गुकेश बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता. आपलं मूल कुठं आहे ते बघा. विश्वनाथन आनंद कॉमर्सचा पदवीधर आहे. मे २०२२ मध्ये चेन्नईच्या ग्रँडमास्टर प्रज्ञानंदनं ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेदरलँड्सच्या अनिश गिरीला हरवलं तेव्हा भारतात रात्रीचे दोन वाजत आले होते, आणि सकाळी त्याला अकरावीच्या पेपरला जायचं होतं.

काही आठवड्यांनी आमचा खेळाडू दारातूनच ओरडत आला. "मॅडम, हरलो! पण चौसष्ट चाली! दुसरी स्कोअरशीट मागावी लागली!" कागदावर तीन ठिकाणी खाडाखोड होती. वडील रेटिंगचं काही सांगू लागले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा, आधी त्याला डाव दाखवू द्या."