हिमबिबट्या आणि उपलेट, या दोघांत जास्त धोक्यात कोण?

उपलेट, म्हणजे एक औषधी वनस्पती. अनेकांना हे पटत नाही, कारण हिमबिबट्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि उपलेट दिसतं ते फक्त काष्ठौषधीच्या दुकानात, पुडीत बांधलेलं.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत हिमबिबट्या २०१७ साली 'संकटग्रस्त'मधून 'असुरक्षित' या सौम्य वर्गात आला. त्याची संख्या वाढली असा समज तेव्हा पसरला. तसं नव्हतं. 'संकटग्रस्त' ठरायला प्रौढ प्राणी अडीच हजारांच्या आत आणि घटही वेगाची हवी होती. नव्या अंदाजात जगभरातले प्रौढ २,७१० ते ३,३८६ निघाले. भारतातल्या पहिल्या पद्धतशीर गणनेचा आकडा जानेवारी २०२४ मध्ये आला: ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. वर्ग बदलला म्हणून निर्धास्त व्हावं इतके हे नाहीतच.

उपलेट (हिंदीत कुठ) मात्र 'अतिसंकटग्रस्त' आहे. त्यापुढची पायरी निसर्गातून नामशेष होण्याची. काश्मीरच्या उंच उतारांवरचं, गर्द जांभळ्या फुलांचं, माणसाच्या उंचीला जाणारं हे रोप. विकलं जातं त्याचं मूळ. पानं खुडली तर रोप पुन्हा फुटतं. मूळ उपटलं की संपलं, आणि बी पडण्याआधीच उपटलं तर पुढची पिढीही गेली. औषध, धूप, अत्तर यांसाठी ते खणलं जातं. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून गठ्ठ्यांत हेच मूळ ठेवत. माझ्याकडे बोटभर तुकडा आहे, मातकट, सुरकुतलेला. डब्याचं झाकण काढलं की ओल्या केसांसारखा उग्र वास खोलीभर होतो.

वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात दोघंही परिशिष्ट १ मध्ये आहेत, उपलेट १९८५ पासून. म्हणजे जंगलातून आणलेल्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार दोघांच्याही बाबतीत बंद. हिमाचलमधल्या लाहौलमध्ये उपलेटाची शेती पिढ्यान्‌पिढ्या होते आणि मला खरी आशा तिथेच वाटते. पण लाल यादी शेतातली रोपं धरत नाही, डोंगरावरची धरते.

गेल्या खेपेला दुकानदाराला विचारलं, "हे शेतातलं का जंगलातलं?" त्याला माहीत नव्हतं. व्यापाऱ्याला विचारून सांगतो म्हणाला.