कुसळ काढण्याआधी नीट बघ

चि. मुली,
सप्रेम आशीर्वाद.

आता रोज लहान मुलांत असतेस, त्यातून बडोद्याचं उत्तरायण जवळ आलं आहे. 14 जानेवारीच्या मागेपुढे बालमंदिरात येणाऱ्या पोरांच्या हातात मोडक्या पतंगांच्या कामट्या असणारच. एरवीही जुन्या झोपाळ्याची फळी, खराट्याची काडी, नवरात्रातल्या टिपऱ्या आहेतच. तळहातात किंवा बोटाच्या पेरात कुसळ रुतलं की मूल आधी तुझ्याकडेच धावेल.

बिघडतं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या मिनिटात. कोणीतरी बोट दाबतं, नखाने उकरतं. दाबून कुसळ वर येत नाही. ते तुटतं नाहीतर आणखी आत सरकतं. म्हणून आधी काहीही करू नकोस, फक्त बघ. खिडकीशी बसव आणि मोबाइलचा उजेड वरून न टाकता बाजूने, आडवा टाक. त्वचेखालच्या कुसळाची उंचवट्यासारखी रेघ सावलीमुळे उठून दिसते. ते कुठून शिरलं, कोणत्या दिशेला गेलं, टोक बाहेर आहे की सगळंच आत, हे कळेपर्यंत चिमटा उचलायचा नाही.

मुलाला कोणाच्या तरी मांडीवर बसव, पाठ त्यांच्या छातीला टेकलेली. मनगट टेबलावर टेकव आणि ज्या बोटात कुसळ आहे तेवढंच धर. सगळा हात आवळलास तर ते घाबरून ओढाओढ करतं. आणि ‘काही दुखणार नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस. ‘थोडं टोचेल, तू दहा आकडे मोज, थांब म्हणालास की मी थांबेन’ असं सांग आणि खरंच थांब. फसवलेलं मूल पुढच्या वेळी हात लपवतं. लपवलेलं कुसळ चार दिवसांनी पू झाल्यावर सापडतं, ते काढणं मग कितीतरी त्रासाचं होतं.

हात, तुझे आणि त्याचे, साबणाने धू, पण भिजत ठेवू नकोस. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि ओढताना तुकडे होतात. चिमटा बारीक टोकाचा, नीट मिटणारा हवा, भुवयांचा चालतो. चिमटा आणि बारीक सुई दहा मिनिटं उकळ किंवा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू दे. गॅसवर धरलेल्या सुईला काजळी चढते आणि तिचा काळा डाग कातडीत राहून जाऊ शकतो.

टोक बाहेर असेल तर कातडीला अगदी लागून पकड आणि ज्या तिरकेपणाने ते आत गेलं त्याच रेघेत, सावकाश मागे ओढ. सरळ वर उपटलंस की मोडलंच. बांबूचं कुसळ ताठ असतं, रेघ सांभाळली तर बहुधा अखंड येतं. झोपाळ्याच्या जुन्या फळीचं मात्र ठिसूळ, तिथे हात आणखी हलका ठेव.

टोक दिसत नसेल तर सुई लागते, आणि बालमंदिरात सुई लावण्याआधी आईवडिलांना फोन करायचाच. सुई उभी खुपसायची नाही. कातडीला जवळजवळ समांतर धरून कुसळाच्या अगदी वरची पातळ, वरवरची कातडी त्याच्या लांबीने किंचित उघड, सुईच्या टोकाने शेवट उचल, मग चिमटा. दहा मिनिटांत जमलं नाही तर सोडून दे. निघालं की टोक शाबूत आहे का ते बघ, जागा साबणपाण्याने धू. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बोटाला चिकटपट्टी नको. ती सुटून तोंडात जाते आणि घशात अडकू शकते.

कोणी आजी मायेने रुईचा चीक सुचवतील, कोणी गूळ-चुना. दोन्हींना ठाम नाही म्हण. चुन्याने कोवळी कातडी भाजते आणि चिकाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते.

नखाखाली खोल गेलेलं, सांध्याजवळचं, डोळ्याजवळचं, काचेचं किंवा अर्धं तुटून आत राहिलेलं कुसळ थेट डॉक्टरांकडे. कशाचं आहे ते आठवणीने सांग. काच एक्स-रेत बहुधा दिसते, लाकूड आणि बांबू सहसा दिसत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी करतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली पसरली, ठणका लागला, पू आला, बोट वाकेना किंवा ताप चढला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

राहिला धनुर्वात. घरच्यांना ममता कार्ड, म्हणजे मुलाच्या लसींची नोंद असलेलं कार्ड, काढायला सांग. 16 ते 24 महिन्यांचा आणि 5 ते 6 वर्षांचा असे डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) दोन्ही बूस्टर वयाप्रमाणे झालेले असतील तर साध्या कुसळासाठी वेगळं इंजेक्शन सहसा लागत नाही. मोठी मुलं शाळेत गेल्यावर दुसरा बूस्टर बऱ्याचदा राहून जातो, तेव्हा ती नोंद मुद्दाम बघ. नसेल तर कुसळ निघालेलं असलं तरी त्यांना डॉक्टरांकडे पाठव.

तुझी,
ताई