जुन्या बाजारातलं वाघाचं पोस्टकार्ड खरंच शंभर वर्षांपूर्वीचं आहे का, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात वाघाचं रंगीत चित्र असलेलं 'शंभर वर्षं जुनं' कार्ड विक्रेता पाचशेला देतोय, घ्यावं का. आधी ते उलटं करा. चित्र शेवटी बघायचं.

मी नेमकं याच्या उलट केलं होतं. झाडीतून बाहेर पडणारा वाघ इतका देखणा होता, की मागची बाजू बघायचं सुचलंच नाही. मंगळबाजारात मेव्हण्याचं दुकान आहे. तिथे गंमत म्हणून नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कार्ड धरलं, तर धुलाईच्या पावडरीच्या जाहिरातीसारखं निळंशार चमकलं! कागदाला पांढरेपणा देणारी ती रसायनं १९५० च्या सुमारास वापरात आली. म्हणजे माझा 'एडवर्ड राजाच्या काळातला' वाघ माझ्याहूनही लहान निघाला. (चमकलं नाही म्हणजे जुनंच, असं मात्र नाही. जुन्या कोऱ्या कागदावरही छापणारे आहेत.)

आता मागची बाजू. मध्ये उभी रेघ, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली झाली, अमेरिकेत १९०७ साली. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा, म्हणून ख्यालीखुशाली चित्राभोवतीच्या पांढऱ्या जागेत कोंबलेली दिसते. शिक्का पुसट असेल तर तिकिटावरचा राजा बघा: १९१० पर्यंत गादीवर सातवा एडवर्ड होता, मग पाचवा जॉर्ज. तरी छापल्यावर वीस वर्षांनी टपालात पडलेली कार्डंही असतात.

'राफाएल टक अँड सन्स' हे कार्डं छापणाऱ्या प्रकाशकाचं नाव दिसलं तर कार्डाचा क्रमांक लगेच वहीत उतरवा. १९०३ पासूनच्या त्यांच्या 'ऑयलेट' मालिकेत तैलचित्राचा भास होतो. काही कार्डांवर तर ब्रशचे फटकारे बोटाला लागतात. लंडनमधली त्यांची इमारत डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, कागदपत्रंही गेली. त्यामुळे आज ज्या याद्या मिळतात त्या संग्राहकांनी एकेक कार्ड बघून जमवलेल्या आहेत.

दहापट भिंगही घ्या. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे असतात, नंतरच्या छपाईत जाळीसारखे रांगेत.

ठेवायला डिंक नको, सेलोटेप तर नकोच. बाजारात मिळणारे मऊ, वासाचे प्लॅस्टिकचे कप्पेही टाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते चित्राला चिकटतात. माझे दोन मोर असेच गेले. पॉलिएस्टरची पाकिटं महाग पडतात, पण तीच घ्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळी कार्डं काढून कसर लागली नाही ना, एवढं बघायचं.

तुमचा वाघ दिव्याखाली चमकला, तर चित्र आवडलं म्हणून पन्नास रुपये द्या. त्याहून एक रुपया जास्त नाही.