वायर लावून ठेव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला आलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला, दुपारी पुन्हा वाचला. मायक्रोकॉर्ग, तुझा तो छोटा सिंथेसायझर, विकू का? त्यात भर घालून विजेच्या सर्किटातूनच सूर काढणारा खरा अ‍ॅनालॉग घेऊ का? लॅपटॉपमध्ये सगळे आवाज असताना हे डबडं कशाला? कशाने सुरुवात करू? आपल्याला वाजवायला आवडतं की नुसतं विकत घ्यायला? शेवटचा प्रश्न चांगला आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पण या सगळ्याच्या मधे तू एक वाक्य सहज टाकून गेलायस: "तसाही तो पाच महिने बॉक्समध्येच आहे."

बाकीचा मेसेज लिहिला नसतास तरी चाललं असतं.

तो बॉक्समधून काढ, टेबलावर ठेव, वायर लाव. अ‍ॅडॉप्टर आणि हेडफोन, दोन्ही. आणि लावलेली वायर काढू नकोस. एवढं करून मग पुढचं वाच.

आता माझं सांगतो. 1988 साली मी रोलंड कंपनीचा जुनो-106 सिंथेसायझर घेतला, सेकंडहँड. एका ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याने तो आखातातून आणला होता. अठरा हजारांना. माझा पगार तेव्हा दोन हजारांच्या आत होता, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, त्यातही आठवड्याआड रात्रपाळी. आई चार दिवस बोलली नाही. बाहेरून आलेल्या वाद्यावर कस्टमची ड्यूटी जबर असायची, त्यामुळे असं काही हाती लागलं की लोक चोरीचा माल घेतल्यासारखे घेत. शनिवार-रविवारी मीही ऑर्केस्ट्रात दुसरा कीबोर्ड वाजवायचो. पहिल्याकडे यामाहाचा डीएक्स-7 होता आणि प्रत्येक संथ गाण्याला तो त्याचा तोच काचेच्या घंटेसारखा पियानो लावायचा. आतले आवाज बदलायला जाणं म्हणजे शिक्षाच होती, आवाज घडवणारे सहा ऑपरेटर, ते जोडायच्या बत्तीस पद्धती (अल्गोरिदम) आणि एवढीशी पट्टी वाचायला. म्हणून कोणी जात नसे. जुनोचं तसं नव्हतं. जे आहे ते समोर. प्रत्येक कामाला एक सरकती दांडी, वर केली की वाढतं, खाली केली की कमी होतं.

दोन खोल्यांच्या घरात तो ठेवायचा कुठे? खिडकीखाली, लोखंडी ट्रंकेवर. काढायला-घालायला जागाच नसल्यामुळे त्याची वायर कायम लागलेली असायची. हे मी ठरवून केलं नव्हतं, नाइलाज होता. तोच नाइलाज माझ्या कामी आला.

एकदा रात्रपाळीहून लवकर सुटलो आणि तीनच्या सुमाराला घरी आलो. झोप येईना. हेडफोन लावले, स्विच दाबला. अंधारात 'पॉली 1' आणि 'पॉली 2' ही दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. तसं केलं की त्याचे सहाही आवाज एका सुरावर येतात, हे मला माहीत नव्हतं. डावीकडचा पोर्टामेंटोही, म्हणजे सूर घसरवणारी सोय, चालू राहिला होता. मी खालच्या निषादावर बोट ठेवलं, मग रिषभावर, आणि तो सूर एका पट्टीवरून दुसरीवर उडी न मारता घसरत गेला. नि… रे… ग. अरे, मींड! हार्मोनियमवर वीस वर्षं वाजवून जे कधी निघालं नव्हतं, निघणारच नव्हतं, ते त्या ट्रंकेवर बसून निघालं. आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरची दांडी खाली ओढली तर बंद दाराआड कोणी गातंय असं वाटलं, हळूहळू वर नेली तसं दार उघडत गेलं. साडेपाचला दूधवाल्याने बेल मारली तेव्हा मी यमनातच होतो.

आता मला सांग, तो जुनो त्या रात्री बॉक्समध्ये असता, तर पहाटे तीनला मी बॉक्स उघडला असता का? कशाला उघडेन? झोपलो असतो. म्हणून म्हणतो, वायर लावून ठेव.

1993 मध्ये लग्न झालं, घर आवरलं गेलं, आणि जुनो माळ्यावर गेला. "थोडे दिवस" म्हणून गेला. तीन वर्षं राहिला. 1996 मध्ये फ्लॅटच्या बुकिंगला पैसे कमी पडत होते, तेव्हा मी तो विकला. लोकांना वाटतं मला विकल्याचं दुःख आहे. तसं नाही रे. विकताना काहीच वाटलं नाही, त्याचं दुःख आहे. माळ्यावरून उतरवला, धूळ झटकली, गिऱ्हाइकासमोर एक कॉर्ड वाजवून दाखवली आणि नोटा मोजून घेतल्या. खिडकीखाली लागलेला असता तर हात कापला असता. तू पाच महिन्यांनंतर "विकू का" विचारतोयस ते शहाणपणाने विचारत नाहीयेस, बॉक्समधली वस्तू म्हणून विचारतोयस. आधी लाव. महिनाभर वाजव. मग खुशाल वीक, मी गिऱ्हाईक शोधून देईन.

पुढची गंमत ऐक. 2009 मध्ये एका परिचितामार्फत जपानहून दुसरा जुनो-106 मागवला. तेरा वर्षांनी तोच वास, त्याच दांड्या. उतावळेपणाने मी तो सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. जपानातली वीज 100 व्होल्टची, आपली 230. जन्मभर वीज आणि तारांत काढलेल्या माणसाने ही चूक केली! फट् झालं, जळका वास आला, सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "लागलं का तुमचं जुनं?" (जुनो हे नाव तिने कधीच घेतलं नाही.) बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागे एका कारागिराकडून ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतला. मग कळलं की प्रत्येक सहावा सूर मुका आहे.

हे सहाव्या सुराचं नीट समजून घे, कारण उद्या तू जुनो घेशीलच. त्यात सहा आवाजांसाठी सहा छोट्या पट्ट्या असतात, 80017ए नावाच्या, वरून काळं इपॉक्सी थापलेल्या. वयपरत्वे ते इपॉक्सीच आतल्या सर्किटचा घात करतं. यंत्र सूर आळीपाळीने त्या सहांना वाटतं, म्हणून एक मेली की सहावा सूर गचकतो. 'की ट्रान्सपोज' दाबून धरून यंत्र चालू केलं की पडद्यावर आवाजाचा नंबर दिसतो, त्यावरून आजारी कोण ते कळतं. मग ती पट्टी डिसोल्डर करायची आणि अ‍ॅसिटोनमध्ये एक-दोन दिवस बुडवायची, खिडकी उघडी ठेवून. इपॉक्सी मऊ पडून साल निघावी तसं सुटतं. मी लोणच्याची काचेची बरणी वापरली. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. पट्टी पुन्हा लावली आणि तो सूर बोलला.

पॉलिसिक्स हा दुसरा सिंथेसायझर मात्र मी न वाजवता ठेवूनच मारला. 1981 चं मॉडेल, 2012 मध्ये घेतला, सावकाश दुरुस्त करू म्हणून दिवाणाखाली सरकवला. त्याच्या बोर्डावर नोंदी सांभाळणारी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती म्हातारी झाली की गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते. वायर लावलेली असती तरी ती गळलीच असती, हे मलाही कळतं. पण रोज वाजवत असतो तर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं असतं. मला कळलं तीन पावसाळ्यांनंतर.

आता तुझ्या लॅपटॉपबद्दल. हा वादच मला कंटाळवाणा वाटतो. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि जुपिटर-6, दोन वेगळ्या आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची यंत्रं, पाच पिनांच्या एका वायरने जोडून दाखवली होती. तीच मिडी, वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सोय. तीच वायर आज माझ्या 1984 च्या जुनोला माझ्या लॅपटॉपशी बोलायला लावते. मग तू कशाला भांडण लावतोस दोघांत? जोड की! मायक्रोकॉर्गलाही मागे मिडी आहे, बघितलंस का कधी?

आणि "कशाने सुरुवात करू" म्हणून जो तू घोळ घालतोयस, त्यावर चरणजित सिंगांचं उदाहरण देतो. मुंबईचे सिनेमातले वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलंडचीच तीन यंत्रं, जुपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-303, एकत्र वाजवून रागांवर डिस्कोच्या ठेक्याची रेकॉर्ड काढली. 303 मुळात गिटारवाल्याला घरी रियाजाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली चंदेरी डबी. विकली गेली नाही म्हणून कंपनीने बंद केली. सिंगांची रेकॉर्डही चालली नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच डबीतून नवं संगीत काढलं, आणि 2010 मध्ये ती मुंबईची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. 303 विकत घेणारे पुष्कळ होते. एका माणसाने ती दुसऱ्या दोघांशेजारी ठेवून भैरवात शिरून बघितलं. याउलट अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्येच मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता. त्यावर 1972 पर्यंत काम झालं आणि थांबलं. त्या ध्वनिफिती आपल्याला ऐकायला मिळाल्या त्या अगदी अलीकडे. मूगसारखा मूग, पण पुढे वाजला नाही.

राहिला तुझा तो चांगला प्रश्न. वाजवायला आवडतं की घ्यायला? माझ्याकडे चौदा सिंथेसायझर आहेत. गाडी कधी घेतली नाही, सिगरेट ओढली नाही, सोनं घेतलं ते फक्त मुलीच्या लग्नात. सोसायटीच्या गणपतीत लोक अजून "काका, तुमचा कॅसिओ आणा" म्हणतात आणि मी जुनो घेऊन जातो. चौदा म्हणजे हाव नाही, प्रत्येकाचा गळा वेगळा असतो, हे मी सौ.ला तीस वर्षं पटवून देतोय. स्लॉटेड अँगलचं रॅक करून घेतलंय, सगळ्यांच्या वायरी एका मिक्सरला आणि भिंतीवर एकच स्विच. खुर्चीत बसल्यापासून दहा सेकंदांत आवाज यायला हवा, हा नियम. वर झाकायला सौ.च्या जुन्या सुती साड्या. प्लास्टिक घालू नकोस, पुण्याच्या पावसाळ्यात आत घाम धरतं.

खरं सांगायचं तर त्या रॅकवर अकराच आहेत. तीन दिवाणाखाली. पॉलिसिक्स, आणि एक जेडी-800, त्याच्या पट्ट्यांखालचा लाल गोंद वितळून सगळं चिकटलंय, आणि तिसरा काय आहे ते मला आत्ता लिहिताना पटकन आठवलं नाही. उठून बघून आलो. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं, की अकरा वाजवायला घेतले आणि तीन नुसते घेतले. स्पेअर पार्ट मिळेनात, हे खरंय. तीन वर्षांत एकदाही शोधले नाहीत, हेही खरंय. तुला रागावण्याचा मला किती अधिकार आहे ते तूच ठरव, पण वायर लाव.

रविवारी ये. मायक्रोकॉर्ग काखेत मारून आण, त्याच्या छोट्या सदतीस पट्ट्यांवर 'नि रे ग' करून बघू. येताना अ‍ॅसिटोनची बाटली आण, अर्धा लिटर पुरे. हे लिहिताना जुनो शेजारी चालूच होता, आणि मघापासून चार नंबरचा आवाज खरखरतोय. बरणी मात्र तुझ्या घरून आण.

तुझा,
काका