दोन सँडर हप्त्यावर, की एक रोखीनं?

औसा तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घराशेजारच्या शेडमध्ये ते सागवानी पाट, चौरंग आणि छोटे देव्हारे बनवतात. लाकूड गुळगुळीत करायला पॉलिशपेपर मारायचा, त्यासाठी रोजंदारीवर माणूस लावतात, ४५० रुपये रोज. एका नगाला दीड तास लागतो. फेब्रुवारी ते मे महिन्याला ५० नग जातात, एरवी २०. हे काम मशीननं करायला सँडर लागतो. लातूरच्या दुकानदारानं बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्यानं घासणारा) आणि गोल सँडर (गोल चकतीनं घासणारा) मिळून २४,५०० रुपये सांगितले. हप्त्यानं २,३०० रुपये, १२ महिने. नुसता गोल सँडर ७,२०० ला. काय घ्यावं?

दादा, गोल सँडर एकटा घ्या आणि रोखीनं घ्या. बेल्ट सँडर तुमच्या कामाला नको.

आधी एका नगाचा हिशोब करू. मशीन आलं म्हणून दीड तासाचं काम दहा मिनिटांवर येत नाही. चौरंगाचे पाय, नक्षीची कड, देव्हाऱ्याचे आतले कोपरे हातानंच घासावे लागतात. पाऊण तास वाचेल असं धरा. आठ तासांचा रोज ४५० म्हणजे पाऊण तासाचे ४२ रुपये. पण खर्चही वाढतो. चकती, म्हणजे सँडरच्या पॅडवर लावायचा गोल पेपर, १८ रुपयांना पडते. ८०, १२० आणि १८० अशा तीन नंबरांची (नंबर मोठा तितका पेपर बारीक) एकेक चकती दोन नगांना पुरली तर नगामागं २७ रुपये. हाताच्या पेपरला आज १२ लागत असतील, म्हणजे १५ जास्त. विजेचे दोनेक रुपये. हाती राहतात २५.

वर्षाचे नग ३६०. मशीनचे ७,२०० आणि मास्क, जादा पॅड यांचे ८०० धरले तर ८,००० रुपये ३२० नगांत, म्हणजे साधारण अकरा महिन्यांत वसूल. जोडी हप्त्यावर घेतली तर एकूण २७,६०० जातात, म्हणजे रोखीपेक्षा ३,१०० जास्त. वसुलीला तीन वर्षं. आणि खरी अडचण पावसाळ्यात येते. जूनपासून २० नगांवर ५०० रुपये वाचणार आणि हप्ता मात्र २,३०० चा. उरलेले १,८०० दर महिन्याला घरखर्चातून काढावे लागतील, तेही पेरणीच्या दिवसांत. म्हणून मी हप्त्याला ठाम नाही म्हणतो.

हे सगळं तुमचा माणूस रोजंदारीवर आहे म्हणून खरं. उद्या तो महिन्याच्या पगारावर आला, तर वाचलेल्या तासात जादा नग होऊन ते विकले जायला हवेत; नाहीतर बचत कागदावरच राहते.

आता मशीन कोणतं ते. गोल सँडर दुकानात ‘रँडम ऑर्बिटल’ म्हणून मागा. पॅड १२५ मिलिमीटरचं, आठ भोकांचं, वेल्क्रोचं; वेग कमीजास्त करायची चकरी हवीच. २५० ते ३०० वॉट पुरतात. बेल्ट सँडर जाड फळी सपाट करायला चांगला, पण चौरंगाच्या फळीवर क्षणभर थांबला तरी खड्डा पाडतो, आणि प्लायचा वरचा पातळ थर तर बघता बघता उडवतो. ग्राइंडरला वेल्क्रो पॅड लावून काम भागवायचा सल्ला कुणी देईल. त्याचा वेग इतका की लाकूड करपतं आणि हातातून निसटलं तर बोटं जातात. ते करू नका.

पैसा वाया जातो तो वापरातल्या चुकांनी. चकतीची भोकं पॅडच्या भोकांवर नीट बसवली नाहीत तर भुसा आत अडकतो आणि पेपर लवकर भरतो. मशीन जोरानं दाबलं तर पॅड तापतं, वेल्क्रो वितळतं, चकती धरत नाही. मशीनचं स्वतःचं वजन पुरे. ८० वरून थेट १८० वर उडी मारली तर गोल ओरखडे राहतात. ते पॉलिश चढल्यावरच दिसतात आणि नग परत घासावा लागतो. वायर लांब आणि बारीक असेल किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडलं, तर मोटर मंद होऊन तापते. एक्स्टेन्शनची तार १.५ चौरस मिलिमीटर जाडीची, आखूड ठेवा.

मास्क एन-९५ घ्या, रुमाल नको. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नोंदवलंय. दवाखान्याचा खर्च या हिशोबात कुठंच बसणार नाही.

केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हे १८ व्यवसायांपैकी एक आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर, पडताळणी ग्रामपंचायतीकडून, आणि कुटुंबातल्या एकालाच लाभ. नोंदणी आजच करा, पण व्हाउचर हातात येईपर्यंत ते वरच्या हिशोबात धरू नका. पुढं रंधा मशीनसारखं मोठं काही घ्यायचं झालं, तर याच योजनेत पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजानं मिळतं, १८ महिन्यांत फेडायचं. दुकानाच्या हप्त्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दुकानात पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचारा: जादा पॅड आणि कार्बन ब्रश (मोटरमधला झिजणारा भाग) लातुरात लगेच मिळतात का, आणि दुरुस्ती तिथंच होते का. मिळत नसतील तर पाचशे रुपये स्वस्त मशीनसुद्धा सोडून द्या. ऐन लग्नसराईत आठ दिवस मशीन बंद राहिलं तर तेवढ्या दिवसांचा रोज पुन्हा खिशातून जाईल. बिल पक्कं घ्या, वॉरंटी त्याच्यावरच चालते.