अन्ननलिकेचं ऑपरेशन: छाती उघडून की दुर्बिणीतून?

दादा, तुम्ही लिहिलंय की चोपड्याला राहणाऱ्या वडिलांना, वय ६३, अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय. एक सर्जन छाती उघडून करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून. मी डॉक्टर नाही, पण माझ्या आबांचं हेच ऑपरेशन झालंय. आम्ही रावेरकडचे, केळीवाले. कळण्याची भाकरी वरणात कुस्करून दिली तरी आबांचा घास छातीत अडायचा, तिथून सगळं सुरू झालं.

आतलं काम दोन्हीकडे एकच. रोगट अन्ननलिका आणि भोवतालच्या गाठी काढायच्या, जठराची नळी करून ती वर ओढून जोडायची. फरक आहे तो आत शिरायच्या वाटेचा. दुर्बिणीत लहान छिद्रांतून जातात, उघड्यात छाती चिरून बरगड्या फाकवतात. बरगड्या फाकवल्या की दुखणं इतकं असतं की माणूस खोकायलाच धजत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. २०१२ साली युरोपातल्या ११५ रुग्णांचा अभ्यास छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग उघड्या ऑपरेशनवाल्यांत २९ टक्क्यांना झाला, दुर्बिणीवाल्यांत ९ टक्क्यांना. गाठी काढण्यात दुर्बीण कमी पडली नाही.

तिसरी वाटही आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. पोटातलं काम दुर्बिणीतून आणि छाती मात्र उघडून. आबांचं असंच केलं. फ्रान्समध्ये २०७ रुग्णांवर हे पाहिलं गेलं (२०१९): पोट-छाती दोन्ही उघडून केलेल्यांत मोठी गुंतागुंत ६४ टक्क्यांना झाली, या वाटेनं ३६ टक्क्यांना.

पण दुर्बीण म्हणजे छोटं ऑपरेशन, असं समजू नका. जोड गळणं, आवाज बसणं हे धोके दोन्हीकडे आहेत. म्हणून माझ्या मते पद्धतीआधी हात बघा. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला अन्ननलिकेची किती ऑपरेशनं करता? किती जणांचा जोड गळला? रात्री आयसीयूत कोण असतं? चांगला सर्जन रागावत नाही. उत्तर पटलं नाही तर मुंबईला परळच्या टाटात कागद दाखवून या. महिन्यातून एखादं दुर्बिणीचं करणाऱ्यापेक्षा उघडं ऑपरेशन हातात मुरलेला सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो. सहीच्या कागदावर 'गरज पडल्यास उघडून करू' असं असेल तर घाबरू नका, अडचणीत तसं करणं हाच शहाणपणा असतो.

आणि ऑपरेशनआधी बहुतेक केमो, कधी सोबत रेडिएशनही देतात. ते आठवडे वाया घालवू नका. तुमच्या वडिलांची विडी-तंबाखू असेल तर आजच बंद करा. श्वास ओढला की आतले तीन छोटे चेंडू वर उचलले जातात, ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्र डॉक्टरांना विचारून आणा आणि रोज ओढायला लावा. आबा ओट्यावर बसून सकाळ-संध्याकाळ ओढायचे, आई शेजारी मोजत बसायची. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते उशी छातीशी धरून जोरात खोकले, कफ बाहेर पडला, आणि सिस्टरांनी त्यांची पाठ थोपटली.